कुंड्यांनी सोडलेली जागा

समजा, तुमच्यासमोर एक लांब भिंत आहे आणि तिच्या पायथ्याशी थंडीने गारठलेली उघडी माती. तिथे वर्षानुवर्षं टिकणारी फुलझाडं लावायची आहेत. ही झाडं थंडीत वरून पार वाळतात, पण मुळं खाली जिवंत असतात. ती सारखी उपटून हलवता येत नाहीत, म्हणून जागा आधी ठरवायची. कशी? रिकाम्या कुंड्या उपड्या मांडून. उंच झाडांच्या जागी मोठ्या कुंड्या, भिंतीलगत. बुटक्यांच्या जागी लहान, पुढे. मग लांब जाऊन बघायचं. दिसलं का?

मुंगीच्या घरी असंच चाललं होतं. सदा मातीत हात, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. आई गेल्यावर आत्या तिच्याजवळ राहायला आली होती. आजारी पडण्याआधी आईने याच मातीत एक कंद पुरला होता. "वर आला की कळेल तुला," एवढंच ती म्हणाली होती. कुठे, ते सांगायचं राहून गेलं. आणि आता सगळी जमीन खणायची होती.

"आत्या, आईचा कंद तुटेल गं."

"अगं, कुठे आहे ते सांग, तेवढं सोडू. नाहीतर काय, अख्खी जमीन अशीच ठेवायची?"

सकाळी पाहतात तो कुंड्या सरकलेल्या. मधोमध एक गोल जागा मोकळी.

"मुंगे, तुझेच उद्योग!"

"मी नाही, शप्पथ!"

"पाय फुटले असतील कुंड्यांना," माळीकाका हसले आणि त्यांनी त्या पुन्हा मांडल्या.

दुसऱ्या सकाळीही तेच. दवाने भिजलेल्या मातीवर पावलाचा एकही ठसा नव्हता. या खेपेस काका हसले नाहीत. "मांजर असेल," असं पुटपुटत त्यांनी कुंड्या जागेवर ठेवल्या आणि ते कुदळ आणायला गेले.

मुंगी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. लख्ख ऊन पडलं होतं. खर्र... आधी एक छोटी कुंडी हलली. मग तिच्या शेजारची. बाकावर आणखी कुणाला बसायचं असलं की माणसं जशी सरकून घेतात, तशा त्या सावकाश सरकत होत्या. मधोमध पुन्हा तीच गोल जागा मोकळी झाली.

काका परत आले. कुंड्यांकडे न बघताच भिंतीच्या एका टोकापासून खणत निघाले. घाव त्या मोकळ्या जागेजवळ येऊ लागले, तशी मुंगी अनवाणी धावली आणि तिथेच मांडी घालून बसली. माती कोमट होती.

"ऊठ बाळा, लागेल!" काका म्हणाले.

"मुंगे!" दारातून आत्या ओरडली.

खर्र. भिंतीजवळची सगळ्यात मोठी कुंडी हातभर सरकली. काकांनी कुदळ हळूच खाली ठेवली.

मुंगीने वळून पाहिलं नाही. ती जराशी कडेला झाली आणि शेजारी आणखी एकाला बसता येईल एवढी जागा तिने करून दिली.