दामू तांडेलाच्या जीपचा ब्रेक

पुष्पलताच्या तव्यावर सकाळी भाकरीच्याही आधी जीपचे चार प्लग पडत. खाऱ्या हवेत रात्रभर दमट झालेले ते प्लग शेकून निघाले, की दामू ते फडक्यात गुंडाळून अंगणात पळायचा, गरम असतानाच इंजिनात बसवायचा आणि मग हॅंडल मारायचा. "आधी माझी सवत जेवणार, मग आमी," असं पुष्पलता रोज कुरकुरायची आणि रोज स्वतःच चिमट्यानं प्लग उलटे करायची.

दामू म्हणजे मुरबे गावातला नावाजलेला तांडेल, नावेचा म्होरक्या. पंच्याऐंशी साली जाळ्याच्या दोरात सापडून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि पन्नाशीच्या आत माणूस काठाला लागला. सहा महिने ओट्यावर बसून होता. बोलेना, हसेना, जेवणात मीठ नसलं तरी त्याला कळेना. मग एक दिवस कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, तारापूरच्या एका ठेकेदाराकडून लष्करातून मोडीत निघालेली जीप घेऊन आला. गाव पोट धरधरून हसलं. पण आठवड्याभरात पुष्पलता, दामूची चुलतबहीण नवसी आणि गावातल्या आणखी तिघी टोपल्यांसकट त्या जीपमध्ये बसून बोईसरच्या बाजाराला जायला लागल्या. दामू पुन्हा पहाटे उठून आधी आभाळाकडे बघायला लागला. पुष्पलताला आणखी काय हवं होतं?

जीप तो नावेसारखीच सांभाळायचा. बाजारातून आली की विहिरीच्या गोड्या पाण्यानं आंघोळ. वरचं टप फाटलं की शिडाच्या कापडाचं ठिगळ, तेही जाळ्याच्या सुईनं शिवलेलं. काही सैल झालं की पान्याआधी त्याचा हात सुतळीकडे जायचा. गंज मात्र ऐकेना. ओहोटीला मासळी उचलायला जीप पार पाण्यापाशी जायची, मग खारं पाणी लागणारच. आता नावेला काय करतात? वर ओढतात आणि मुशी माशाच्या तेलाचा हात देतात, आतून-बाहेरून, एक फळी कोरडी ठेवत नाहीत. दामूनं एका रविवारी चारही चाकं काढली, डबाभर तेल घेतलं आणि ब्रशनं जीपलाही तसाच हात दिला. स्प्रिंगा झाल्या, पाटे झाले, चाकांमागचे ड्रम उघडून आतल्या अर्धगोल पट्ट्यांनाही भरपूर तेल पाजलं. डबा पुष्पलतानंच धरला होता. "ह्या कोपऱ्यात ऱ्हायलंय बगा," असं बोट दाखवून तिनंच सांगितलं.

सोमवारी पाच बाया आणि पाच टोपल्या घेऊन जीप निघाली. गावाबाहेर मोरीचा उतार आला. दामूनं ब्रेकवर पाय दाबला. पुन्हा दाबला.

"अवो, हळू!"

"ती थांबत नाय गो!"

हातब्रेक तर पहिल्या दिवसापासून नुसता शोभेचा होता. समोरून बैलगाडी येत होती. दामूनं सगळा जोर लावून चाक फिरवलं, रस्ता सोडला आणि जीप कडेच्या वाळूत घातली. तिथं बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. कडाकडा बांबू मोडत जीप त्यात शिरली आणि वाळूत रुतून थांबली. कुणाला साधं खरचटलंही नाही. बोंबील तेवढे केसांत, मांडीवर, पोलक्यात. त्यातून ती वलांडी नवसीची निघाली! "मेल्या, माझेच बोंबील माझ्याच पोलक्यात घालतो!" ती ओरडली आणि सगळ्या खिदळल्या. दामू हसला नाही. तो पुष्पलताकडे बघतही नव्हता.

बोईसरहून रामनाथ मिस्त्री आला. ड्रम उघडून त्यानं वास घेतला आणि कपाळावर हात मारला. "तांडेलजी, ब्रेक को भी तेल पिला दिया? बाकी सबको पिलाओ, पर ये चीज़ सूखी चाहिए!" नावेला ब्रेक नसतो, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगावं! त्यानं ड्रम पेट्रोलनं धुतले, तेल प्यालेल्या पट्ट्या बदलल्या आणि गाडी ठणठणीत करून दिली.

दामू मात्र नीट होईना. जीपचं हॅंडल त्यानं माळ्यावर टाकून दिलं. "पाच जणी मारल्या असत्या मी," एवढंच म्हणाला आणि जाळं घेऊन ओट्यावर बसला. गावात नवीनच एक टेम्पो सुरू झाला होता, बाया त्यानं जायला लागल्या. पुष्पलताची टोपली नवसी घेऊन जायची. पुष्पलता घरी थांबली. तिला वाटलं, चार दिवसांत धसका ओसरेल, उठेल. चौथ्या दिवशी ती कालवणात मीठ घालायला विसरली आणि दामूनं मुकाट्यानं सगळं ताट संपवलं.

दुसऱ्या सकाळी टेम्पोनं नाक्यावर भोंगा दिला. पुष्पलतानं टोपली उचलली, ती जीपमध्ये नेऊन ठेवली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"उतर गो," दामू ओट्यावरून म्हणाला. "टेम्पो जाईल."

"जाऊं दे."

"मासळी नासंल."

"नासूं दे."

टेम्पो गेला. दामू उठून जवळ आला. चेहरा पार उतरला होता. "पुष्पे, त्या दिवशी तुला कायतरी झालं असतं तर? मी कुणाकडं बगितलं असतं?"

तेव्हा पुष्पलताचा बांध फुटला. "तीस वर्सं तुमी दर्यात नि मी किनाऱ्यावर! मासेमारीच्या नावेत बाईनं चढायचं नाय, म्हून कदी चढले नाय. वारा सुटला का काठावर बसून देवाला हाका मारायच्या, येवढंच माझ्या हातात. तिकडं तुमी काय बगता, कसे हसता, कसे घाबरता, मला कदी ठावं होतं? ह्या गाडीत पयल्यांदा तुमच्या बाजूला बसले. त्या दिवशी तुमी घाबरलात, तवा मी तितंच होते. टेम्पोत बसून मी परत काठावर जायची नाय, सांगून ठेवते!"

दामूनं ओट्यावरचं जाळं गुंडाळून ठेवलं. मग आत गेला. माळ्यावर खडखड झाली आणि तो हॅंडल घेऊन बाहेर आला.

सपाट रस्त्यावर त्यानं तीनदा गाडी थांबवून पाहिली. तिन्ही वेळा थांबली. मोरीच्या उताराच्या तोंडाशी येऊन मात्र तो अडला.

"तू उतर. मी एकटा खाली नेतो, मग चालत ये."

"नाय."

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि गाडी सोडली. पुष्पलतानं दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली. उताराच्या मध्यावर दामूनं पाय दाबला आणि जीप शहाण्यासारखी जागच्या जागी थांबली. रस्ता रिकामा होता. इंजिन घरघरत राहिलं.

"भ्यालीस?" त्यानं विचारलं.

"लय."

"मीबी," दामू म्हणाला. तीस वर्षांत हे त्यानं तिला पहिल्यांदाच सांगितलं होतं.