आभाळातल्या पाहुण्याचा चेहरा

मित्रांनो, मी एक जुना चेहरा आहे. माणसाचा नाही हं! हिरवट राखाडी रंग, कपाळावर तीन शिंगं, गालांवर माशासारखे खवले. मी रबराचा मुखवटा आहे. 'आभाळातला पाहुणा' या सिनेमात तुमच्यापैकी काहींनी मला पाहिलंही असेल. भिऊ नका, मी कुणाला काही करत नाही. जुनं रबर कडक होतं, आणि कडक रबराला काही वाटत नाही. राग नाही, आनंदही नाही. म्हणून घडलं तसं सांगतो.

चाळीस वर्षांपूर्वी औरंगपुऱ्यात, फकिरामामूंच्या ड्रेपरीच्या दुकानात माझा जन्म झाला. शाळांच्या गॅदरिंगला राजा-राणीचे पोशाख भाड्यानं देणारं ते दुकान. परग्रहावरचा प्राणी मामूंनी बापजन्मात केला नव्हता. तरी त्यांनी कृष्णा नावाच्या नटाच्या डोक्याचं माप घेतलं, प्लॅस्टरचा साचा केला, त्यात रबराचा चीक ओतला आणि मला गच्चीवर वाळवलं. माप अगदी बरोबर होतं.

पण शूटिंग मे महिन्यात, पैठणजवळ, धरणाच्या कोरड्या पडलेल्या गाळात! कृष्णानं मला पाच मिनिटं घातलं, काढलं, मग तो बाजूला जाऊन ओकला आणि दुपारच्या एसटीनं घरी निघून गेला. सगळे डोक्याला हात लावून बसले. तेव्हा सामान वाहणाऱ्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर पुढं आला. करमाडचा अप्पाराव, वय तेवीस.

"द्या इकडं," तो म्हणाला. "उन्हाचं आपल्याला काय कौतुक नाय."

पण त्याचं डोकं मोठं आणि तोंड लांबोडकं. मी अर्ध्यातच अडकलो. माझे डोळे त्याच्या कपाळावर आले आणि माझं तोंड त्याच्या नाकापाशी.

"मामू, लई आंधार झाला की!"

"अरे, मुंह में से देख ना!" मला सांभाळायला आलेले मामू खेकसले.

मग अप्पाराव माझ्या तोंडाच्या फटीतून बघायला लागला. समोरचं दिसावं म्हणून तो मान मागं टाकायचा. मान टाकली की पायाखालचं दिसेना, म्हणून डाव्या पायानं आधी जमीन चाचपायची, मग उजवा पाय उचलायचा. असा तो अठरा दिवस चालला. रोज संध्याकाळी तो मला धुवायचा, वाळलो की आतून पावडर लावायचा, कागदाचे बोळे भरून सावलीत ठेवायचा. तेव्हा मी मऊ होतो. तेव्हा मला काहीतरी वाटतही असेल. आता आठवत नाही.

सिनेमा आठवडाभरसुद्धा टिकला नाही. नावांच्या पाट्या आधीच रंगवून झाल्या होत्या, त्यामुळे पडद्यावर 'पाहुणा : कृष्णा' असंच राहिलं. मी दुकानात परतलो. काही वर्षं गॅदरिंगमध्ये राक्षस झालो, मग खिळ्यावर गेलो. खिडकीतलं ऊन माझ्या एकाच कानावर पडायचं. आधी तो कान ताठरला, मग हळूहळू बाकीचा मी.

आणि मग कुणीतरी तो सिनेमा मोबाइलवर टाकला! कॉलेजची पोरं वेडीच झाली. पाहुणा सारखा आभाळाकडं का बघतो? त्याला घराची आठवण येते म्हणून. पाय चाचपत का टाकतो? पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण त्याच्या सवयीचं नाही म्हणून. यावर त्यांनी लांबच्या लांब लेख लिहिले. सुदर्शन नावाच्या मुलानं मला दुकानातून शोधून काचेच्या पेटीत ठेवलं आणि तो दरवर्षी एका रविवारी सकाळी हॉल भाड्यानं घेऊन सिनेमा दाखवायला लागला. सिनेमातली छोटी मुलगी विचारते, "पाहुण्या, घर कुठंय रे तुझं?" तेव्हा अख्खा हॉल तिच्याबरोबर ओरडतो. पाहुणा बोलत नाही. फक्त मान वर करतो. मग टाळ्या!

यंदा सिनेमा संपल्यावर एक मुलगी एका म्हाताऱ्याचा हात धरून स्टेजवर आली. मेघा, दहावीतली. माझ्या आतला माणूस म्हणजे आपले आजोबा, असं तिनं वर्गात सांगितलं होतं, तर पोरी म्हणाल्या होत्या, "मग तुझी शिंगं कुठंयत गं?" म्हणून ती अप्पारावलाच घेऊन आली होती. अप्पारावनं हॉलला हात जोडून जय भीम केला.

"काका, पाटीवर तर कृष्णा आहे," सुदर्शन अदबीनं म्हणाला. त्यानं मला पेटीतून काढलं. "घालून दाखवा. बसला तर मानू."

"घाला ना आबा! दाखवाच यांना!"

अप्पारावनं मला हातात घेतलं. आतून बोटं फिरवली. ताठरलेला कान हलकेच वाकवला, तर करकर वाजलं. तो थांबला.

"नाय गं. पार वाळलंय हे. ताणलं की फाटंल."

"बहाणा!" मागून कुणीतरी ओरडलं. "काका, आधी नाव तरी कृष्णा करून घ्या!"

हॉल हसला. मेघाची मान खाली गेली.

"फाटलं तर फाटू द्या ना, आबा," ती हळूच म्हणाली.

अप्पारावनं मला सावकाश टेबलावर ठेवलं. मग उघड्या चेहऱ्यानंच त्यानं मान मागं टाकली. डोळे अर्धे मिटून नाकाच्या शेंड्यावरून बघत, डाव्या पायानं फळ्या चाचपत, तो स्टेजवरून चालायला लागला.

हसणं मधेच तुटलं. त्या चालीवर लेख लिहिणारी पोरं तिथंच बसली होती. त्यांना काही सांगावं लागलं नाही. पहिल्या रांगेतून एक बारीक आवाज आला, मग सगळा हॉल म्हणाला, "पाहुण्या, घर कुठंय रे तुझं?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाहुणा बोलला.

"करमाडला. यष्टी श्टँडच्या मागं."

मेघा हसत होती आणि ओढणीनं डोळेही पुसत होती. मला काही वाटलं नाही, मित्रांनो. खोटं कशाला सांगू? अप्पारावनं घरून पावडर आणली होती. त्यानं ती मला आतून लावली, कागदाचे बोळे भरले. पावडरीनं मी परत मऊ होणार नाही, आता उशीर झालाय. तुमच्याकडं कुणाचा जुना मुखवटा असेल तर त्याला उन्हात टांगू नका, आणि तो कुणी घातला होता ते वेळेत विचारून ठेवा.

मला बघायला कधीही या. काचेवर टकटक केलीत तरी मला कळत नाही. पेटीखाली मेघाच्या अक्षरातली चिठ्ठी आहे, 'पाहुणा : अप्पाराव, करमाड'. ती मात्र वाचल्याशिवाय जाऊ नका.