जन्मस्थळाच्या रकान्यात

बँकेत खातं उघडायला काय लागतंय? फोटो लागतोय, सही लागते, सही येत नसेल तर अंगठा. बेळगावला लागून असलेल्या हिंडलग्यात काठी टेकत चालणाऱ्या म्हातारीचंसुद्धा खातं आहे. नव्हतं ते एकट्या नागोजी मन्नोळकराचं, आणि नेमकं त्याचंच सगळं त्या खात्यावर अडलं होतं.

नागोजी न्यूझीलंडला दूध पावडरच्या कारखान्यात राबराब राबला. तिकडचंच नागरिकत्व घेतलं, तिकडचीच पेन्शन लागली. पोरबाळ नव्हतं. बायको गेल्यावर मात्र त्याचं मन तिथं रमेना. भाड्याचं घर सोडलं, भांडीकुंडी शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटली आणि हा गडी कायमचा म्हणून हिंडलग्याला आला. कुणाकडं, तर थोरल्या बहिणीकडं. रुक्माबाई, म्हणजे त्याची आक्का. आई बाळंतपणातच गेलेली, तवापासनं आक्कानंच त्याला कडेवर घेऊन वाढवलेलं. ती आता अंथरुणाला खिळायच्या बेतात होती. तो आला त्या दिवशी तिनं त्याच्या तोंडावरनं हात फिरवला आणि म्हणाली, "आता कुटं जाऊ नगंस बाबा. माज्या तोंडात पाणी तुज्या हातचं पडू दे." नागोजीनं मान हलवली. हलवणारच की, त्याचसाठी तर आला होता.

पण व्हिसा होता वर्षाचा. तो वाढवायचा तर इथं राहून खाणार काय, ते सरकारला दाखवायला पाहिजे, म्हणजे इथल्या बँकेत येणारी पेन्शन दाखवायला पाहिजे. आणि तिकडचं सरकार पेन्शन पाठवायला तयार, पण ज्याची त्याच्याच नावाच्या खात्यात. भाच्याच्या खात्यावर चालत नाही, बहिणीच्या चालत नाही. थोडक्यात काय, खातं असेल तर आक्कापाशी राहायचं, नसेल तर चालायला लागायचं.

भाचा युवराज त्याला मोटारसायकलवर घालून बेळगावच्या खडेबाजारातल्या बँकेत घेऊन गेला. काउंटरला सौम्या म्हणून मुलगी होती, कानडी घरची, पण मराठी चांगलं बोलायची. स्वभावानंही चांगली. तिनं कागद बघितले आणि विचारलं, "अंकल, तुम्ही फॉरिनर काय?"

"मी हिंडलग्याचा," नागोजी म्हणाला.

"ते खरं, पण पासपोर्टावर फॉरिनर आहात न्हवं? रिटायर्ड फॉरिनरचं खातं वेगळं असतंय. हेड ऑफिसला पाठवाय लागतंय." तिनं अर्जाबरोबर त्याचा इथल्या शाळेचा दाखला आणि तिकडच्या नागरिकत्वाचा दाखला लावला. मग दोन्हींकडं आलटून पालटून बघत राहिली. "अंकल, तुमचं जन्मस्थळ मॅच होईना झालंय. इथं बेळगाव, कर्नाटक आहे. तिथं बेळगाव, महाराष्ट्र लिहिलंय."

युवराजला हसू आवरेना. नागोजीनं मात्र मान खाली घातली.

त्याचं असं झालं होतं. तरणाताठा असताना नागोजी सीमाभागाच्या मोर्चात जायचा. त्याचे दाजी, म्हणजे आक्काचे मालक, पुढं आणि हा मागं. एका मोर्चात लाठीमार झाला आणि दाजींचा पाय गुडघ्यात मोडला तो मोडलाच. बेळगाव काही महाराष्ट्रात गेलं नाही. पुढं परदेशात नागरिकत्वाचा फॉर्म भरायला बसला तेव्हा जन्मस्थळाच्या रकान्यापाशी नागोजीचा हात थांबला. तिथं अडवणारा कोण होता? ना पोलीस, ना तहसीलदार. ठोकून दिलं, बेळगाव, महाराष्ट्र. तिथल्या बाईनं न बघता शिक्का मारला. त्या रात्री त्यानं गावाकडं फोन लावला, "दाजी, बेळगाव महाराष्ट्रात घेतलं बघा मी. सही-शिक्क्यासकट." दाजी एवढे हसले, एवढे हसले, की ठसका लागला. "निपाणी ऱ्हायली की रं, तीबी घ्यायचीस," म्हणाले आणि गल्लीत साखर वाटली. मरेपर्यंत येईल त्याला ती गोष्ट सांगायचे. सगळ्या लढ्यात त्यांच्या पदरात पडलेलं तेवढंच.

आणि तेच आता आडवं आलं.

बँकेचे साहेब म्हणाले, काही नाही, एक ॲफिडेव्हिट करून आणा, मग होतंय काम. कोर्टाच्या आवारात झाडाखाली टायपिस्ट बसतात, त्यातल्या एकाकडं नागोजी गेला. टायपिस्टानं भराभरा टाईप केलं आणि वाचून दाखवलं. माझा जन्म बेळगावी, राज्य कर्नाटक येथे झाला असून परदेशी दाखल्यावर महाराष्ट्र असे माझ्याकडून चुकीने लिहिले गेले.

"चुकीनं न्हवं," नागोजी म्हणाला. "मुद्दाम लिवलं मी."

टायपिस्टानं चष्म्यावरनं बघितलं. "मुद्दाम म्हणालासा तर गुन्हा हुतोय. चुकीनं म्हणा आणि मोकळं व्हा की."

नागोजीला ते गिळवेना. दाजी डोळ्यांपुढं उभे राहिले. दाजी गेले होते, आक्का होती, आणि तिच्यापाशी राहायचं होतं. त्यानं सही केली. सही करताना त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की युवराजकडं बघायचासुद्धा धीर झाला नाही.

घरी आक्कानं विचारलं, "झालं काय रं काम?" युवराजच्या पोटात काही राहत नाही, त्यानं सगळं सांगून टाकलं. आक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुज्या दाजीचा पाय बी चुकीनंच मोडला म्हण मग."

नागोजी उठून परसात गेला आणि तिथंच बसून राहिला. जेवायला बोलावलं तेव्हा आला. आक्कानंच सुनेला त्याच्या ताटात आणखी आमटी वाढायला सांगितली, पण त्याच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्यास्नीबी तू हितंच ऱ्हायलास तर बरंच वाटलं असतं." त्यावर नागोजीला रडू आलं.

पुढं नुसत्या खेपा. साहेब रजेवर, सिस्टिम बंद, हेड ऑफिसचं उत्तर नाही. नागोजी रोज धुतलेला शर्ट घालून जायचा आणि तसाच परत यायचा. शेवटी एकदा सौम्यानं त्याला बाजूला खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी दिलं तेव्हाच त्याला कळून चुकलं.

"अंकल, हेड ऑफिसनं नाही म्हणालंय," ती म्हणाली. "नागरिकत्वाच्या दाखल्यात खोटी माहिती आहे असं तुम्हीच शपथेवर लिहून दिलंय, म्हणतात. मग तो दाखलाच धरता येत नाही. आधी तिकडनं नवा करून आणायचा."

"ते लिवून द्या म्हणून तुमीच सांगितलंसा की."

"व्हय अंकल." ती खाली बघत म्हणाली. "चुकलं आमचं. ते आता परत घेता येत न्हाय."

नागोजी भांडला नाही. भांडायचं कुणाशी? दुसऱ्या दोन बँकांत जाऊन बघितलं, त्यांनी पहिल्या बँकेनं का नाकारलं ते विचारलं आणि कागद परत दिले. नवा दाखला करायचा म्हणजे तिकडं जाऊन अर्ज करायचा, चौकशी व्हायची, आणि ती कधी संपेल ते कुणी सांगेना. व्हिसा तर संपत आलाच होता.

"मामा, तू खाणार ते आमी लिवून देतो की सरकारला," युवराज म्हणाला. तेही करून बघितलं. व्हिसाच्या कचेरीतला माणूस म्हणाला, भाच्याचं प्रेम चालत नाही, बँकेचं पासबुक चालतं.

निघायच्या दिवशी आक्काला उठवून दारापर्यंत आणलं. ती चौकटीला धरून उभी राहिली. नागोजी पाया पडला.

"येतो गं आक्का. दाखला झाला की आलोच."

"येतो म्हणू नगंस," आक्का म्हणाली.

आमच्यात घरातनं निघताना कुणी जातो म्हणत नाही. अभद्र असतं. लहानपणी तोंडातनं निघालं तर हीच आक्का त्याच्या पाठीत धपाटा घालायची.

"मागं येतो म्हणून गेलतास, माजा जल्म दाराकडं बघण्यात गेला. आता न्हाय व्हायचं माज्यानं. जीव अडकून ऱ्हातोय रं. जातो म्हण."

नागोजीनं हातातली पिशवी खाली ठेवली. युवराज दुसरीकडं बघत उभा होता. आक्का थांबली होती.

"जातो, आक्का," नागोजी म्हणाला.

"जा," ती म्हणाली, आणि सुनेला हाक मारून आत न्यायला सांगितलं.