खालची खोली

औषधवाल्या काकांचं सगळं आयुष्य सपाट जमिनीवर गेलं होतं. रस्त्याच्या पातळीला दुकान, दुकानामागे घर, आणि मध्ये एक पडदा. त्यामुळे दुकान विकून उतारावरचा प्लॉट घेतला, तेव्हा नव्या बंगल्याचं चित्र त्यांच्या डोक्यात काही केल्या उभं राहीना.

नकाशा काढत होती बायकोची, म्हणजे मावशीची, भाची. आर्किटेक्ट, हुशार मुलगी, पण 'वर' आणि 'खाली' हे शब्द ती इतक्या सहज टाकायची की काकांची पंचाईत व्हायची.

"रस्ता वरच्या अंगाला आहे ना काका, म्हणून आपण वरूनच आत शिरायचं. बैठक, स्वयंपाकघर, तुमची झोपायची खोली, सगळं त्याच पातळीला. मग जिना उतरून खाली."

"म्हणजे तळघर."

"तळघर कसं? खालच्या खोलीतून झाडांचे शेंडे दिसणार."

"मग वरचा मजला."

"तोही नाही. मावशी, तूच सांग बाई यांना."

मावशी चष्मा पुसत म्हणाली, "मला समजलंय. पुढचं बघ तू."

मग पुढच्या प्रत्येक गोष्टीला काकांनी मान डोलावली. आपल्याला एकट्यालाच कळत नाही, हे कबूल करायची लाज वाटत होती.

शेवटी भाची दोघांना प्लॉटवर घेऊन गेली. तिने खुंट्या ठोकून घेतल्या होत्या, दोऱ्या ताणल्या होत्या, भिंतींच्या जागी फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारल्या होत्या. काका रेषा ओलांडत, तोल सावरत उतरले आणि स्वयंपाकघराच्या चौकोनात जाऊन उभे राहिले. समोरची दोरी त्यांच्या हनुवटीला लागत होती.

"ती दोरी म्हणजे फरशी," भाची वरून म्हणाली. "तुमचं फक्त डोकं स्वयंपाकघरात आहे."

"आणि बाकीचा मी?"

"मावशीच्या खोलीत. तिच्या छताजवळ. खालची जमीन अजून खणायची आहे."

काका दोरी धरून तसेच उभे राहिले. "मावशीची कशी? ती पाहुण्यांची ना?"

भाचीला एकाएकी लांबची एक खुंटी सैल वाटू लागली. ती तिकडे निघून गेली.

"तुम्हाला सांगितलं होतं मी," मावशी म्हणाली. "नकाशा पाहताना. तुम्ही मान डोलावलीत."

"ती मी जिन्याला डोलावली."

मावशी हसली नाही. पदर सावरून ती एका दगडावर बसली.

"माझं काही चुकलं का?" काकांनी विचारलं.

"नाही हो."

"घोरतो म्हणून?"

"घोरता, पण त्याची सवय झालीय. अहो, इतकी वर्षं पडद्याआड काढली. दुकानात कुणी खोकलं तरी मी उठून यायचे. आता मला दार असलेली खोली हवी. कुणाच्या जाण्यायेण्याच्या वाटेत नसलेली."

"तिथे करणार काय?"

"ठरवलं नाही. बहुतेक काहीच नाही."

कुठल्याही डॉक्टरचं गिचमिड अक्षर काका एका नजरेत वाचायचे. बायकोचं हे सरळ साधं वाक्य मात्र त्यांना लागेना. रागवावं की वाईट वाटून घ्यावं, का यात वाईट वाटण्यासारखं काहीच नाही? सुचेना, म्हणून त्यांनी भाचीला हाक मारली.

"जिन्याला कठडा दोन्ही बाजूंनी लाव."

"एका बाजूला भिंत आहे काका."

"भिंतीलाही लाव. माझ्या गुडघ्यांचा भरवसा नाही."

बंगला झाला. आपण कितव्या मजल्यावर राहतो, हे सांगताना काका अजूनही अडखळायचे. पहिले काही दिवस दुपारी ते दोन्ही कठडे धरून खाली उतरायचे, बंद दारापाशी थांबायचे, आणि वाजवावं की नाही ते न ठरल्यामुळे परत वर यायचे. एकदा मात्र त्यांनी दार वाजवलंच.

"या," आतून आवाज आला.

मावशी खिडकीपाशी पलंगावर बसली होती. हातात काही नव्हतं. "काही हवं होतं?" तिने विचारलं.

"नाही," काका म्हणाले, आणि मग त्यांना तेही खरं वाटेना. मावशीने सरकून त्यांना जागा करून दिली. बोलायला बसायचं की गप्प राहायचं, ते काही कळलं नाही. तरी ते बसले.