तीनवर दिसणारं बटण

मनोरीच्या किनाऱ्यावर पंधरा वर्षं वाळू चाळून लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून दिल्या डेनिसनं, आणि नाव झालं फ्रेडीचं. का, तर शहात्तर साली तो बोटीवरच्या नोकरीवरून येताना धातू हुडकणारं मशीन घेऊन आला. डेनिसची बायको मॉनिकासुद्धा त्या मशीनमागे कौतुकानं फिरायची.

मशीनला कचरा गाळायचं, आकड्यांवर फिरणारं बटण होतं. "तीनवर ठेवलं की खिळे, बाटल्यांची पत्र्याची बुचं गप्प बसतात," फ्रेडीनं मोठेपणानं सांगितलं होतं. "पुढं फिरवलं तर सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीबरोबर सोन्याची अंगठीपण गप्प."

एका दुपारी फ्रेडीच्या नकळत डेनिसनं बटण उपसलं, आतली दांडी सहावर फिरवली आणि बटण परत तीनवरच दिसेल असं बसवलं. महिनाभर फ्रेडीला जाड नाण्यांपलीकडे काही गावलं नाही. डेनिसला शांत झोप लागू लागली.

मग एका सकाळी किनाऱ्यावर मासळी निवडताना मॉनिकाची लग्नातली अंगठी वाळूत पडली. नवरा शेजारी असताना तिनं हाक मारली फ्रेडीला. त्यानं चारदा मशीन फिरवलं. मशीन गप्पच. भरती सुरू झाली होती.

डेनिसनं चाळण उचलली.

"राहू दे रे," मॉनिका म्हणाली. "मशीनला नाही मिळाली म्हणजे ती इथं नाहीच. तुझी चाळण काय दिवे लावणार?"

बटण सरळ केलं असतं तर अंगठी मिळाली असती. पण ती फ्रेडीला मिळाली असती. डेनिस चाळण धरून पाणी वर चढताना बघत राहिला.