ठोक्याला स्थळ आलं

जखमी पक्ष्यांच्या त्या केंद्रात मामांचं काम सोपं होतं: पिंजरे धुवायचे, अळ्या वाढवायच्या आणि मग त्याच अळ्या पक्ष्यांना घालायच्या. अळ्यांनी याबद्दल कधी तक्रार केली नव्हती.

पिल्लांना भरवताना तोंड झाकायचं आणि हातात पक्ष्याच्या डोक्यासारखा दिसणारा मोजा घालायचा, असा नियम होता. नाहीतर पिल्लू माणसालाच आपल्या जातीचं समजून बसतं. पण वादळात पडलेल्या झाडातून ठोक्या आला, तेव्हा मोजा उंदरांनी कुरतडलेला होता. मामांनी त्याला उघड्या तोंडाने, चिमट्याने, वर "आ कर बाळा" म्हणत वाढवलं.

ठोक्या म्हणजे जंगलातला मोठा काळा सुतारपक्षी. अंगाने कावळ्याएवढा, डोक्यावर लाल तुरा, शेपटी खोडाला टेकवून खुर्चीत बसल्यासारखा ऐटीत. जीभ इतकी लांब, की कवटीमागून गुंडाळून ठेवावी लागते. लाकडात लपलेली अळी त्याला बाहेरून कळायची. आता तो वयात आला होता आणि त्याचं मामांवर प्रेम बसलं होतं.

सुतारपक्षी काही मादीला घास भरवत बसत नाही. पण ठोक्याला लहानपणापासून माया म्हणजे चिमटा एवढंच ठाऊक. मामा पिंजऱ्यात शिरले की तो खांद्यावर उतरायचा आणि चोचीतली वळवळती अळी त्यांच्या ओठांवर टेकवायचा. मामा तोंड घट्ट मिटून घ्यायचे.

"घेतलीत तर लग्न लागलं समजा," केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

ठोक्यासाठी दूरच्या केंद्रातून मादी आणली होती. जोडी जमली तर दोघांना जंगलात सोडायचं. हंगाम संपेपर्यंत नाही जमली, तर पाहुणी परत आणि ठोक्या जन्मभर जाळीच्या आत. हे ऐकल्यापासून मामांना अन्न गोड लागत नव्हतं.

पाहुणीने खोडावर जोरदार ताशा वाजवला. ठोक्याने पाठ फिरवली. मामांनी रजा टाकून पाहिली, तर त्याने खाणं सोडून पिसं उपटायला सुरुवात केली. रजा रद्द झाली.

"त्याला तोडून बोला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मेल्या, तुझा माझा काही संबंध नाही," मामा बोलले. ठोक्याने मान तिरकी करून सगळं ऐकून घेतलं आणि अळी पुढे केली.

शेवटी आपलं लग्न झालेलं आहे हे दाखवायला मामा मामींनाच घेऊन आले. मामींनी ठोक्याला खालून वर न्याहाळलं.

"सवत आणायची तर निदान बाईमाणूस आणायचं हो!"

ठोक्या त्यांच्या डोक्यावर बसला आणि अंबाडा ठोकून पाहू लागला.

"अहो, हा माझ्या डोक्यात अळ्या शोधतोय!"

"सापडल्या का?" मामांनी काळजीने विचारलं. त्या दिवशी त्यांना घरी जेवण मिळालं नाही.

मग एकदाची ठोक्याने ओंडक्यात ढोली कोरायला घेतली. डॉक्टरीणबाई हरखल्या. नर ढोली दाखवतो, मादीने पसंत केली की संसार सुरू. पाहुणी सरकत सरकत आली, आत डोकावली, चक्क आत शिरली. मामांनी देवाला हात जोडले.

ठोक्याने तिला टोचून बाहेर काढलं. ढोलीच्या तोंडाशी हळूच टकटक करत मामांकडे पाहिलं. मामा जागचे हलले नाहीत. त्याने एकदा मामांच्या पोटाकडे पाहिलं, एकदा ढोलीकडे, आणि दार मोठं करायला घेतलं.

ते तो मोठं करतच राहिला. पाहुणी अंगावरचा भुसा झटकत कोपऱ्यात बसून राहिली. हंगाम सरला. ओंडका मधोमध मोडून आडवा झाला, त्याच सकाळी पाहुणीला न्यायला गाडी आली.

"तुमचा काही दोष नाही, मामा."

"मग कुणाचा?"

डॉक्टरीणबाईंनी बराच विचार केला. "उंदरांचा."

गाडी गेली. ठोक्या मोडक्या ओंडक्यातून एक जाडजूड अळी काढून खांद्यावर उतरला आणि नेहमीसारखी ओठांवर टेकवली. मामांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी तोंड फिरवलं.

मामांनी तोंड उघडलं.

"कशी लागते?" बाईंनी पाठमोऱ्याच विचारलं.

"बदामासारखी," मामा डोळे पुसत म्हणाले. "घरी सांगू नका."

ठोक्या तोवर दुसरी आणायला गेला होता.