चाळीस टक्क्यांचा होकार

साबणाच्या कारखान्यात दर तीन वर्षांनी पगारवाढीची बोलणी होत आणि त्यांची रीत ठरलेली होती. युनियनने चाळीस टक्के मागायचे, कंपनीने चार म्हणायचं. मग युनियनच्या सेक्रेटरीने टेबलावर मूठ आपटायची, मॅनेजरने चष्मा काढून डोळे चोळायचे, गेटवर दोन दिवस घोषणा व्हायच्या आणि सहाव्या आठवड्यात, सगळ्यांचे घसे बसल्यावर, बारावर तोडगा निघायचा. बाराचा आकडा दोन्ही बाजूंना पहिल्या दिवसापासून माहीत असे. पण तो तेव्हाच बोलून दाखवला, तर आपले पुढारी झोपा काढतात असं लोकांना वाटलं असतं.

या वेळी सेक्रेटरीने चाळीस म्हटलं आणि मॅनेजर म्हणाला, "मान्य."

सेक्रेटरीची मूठ हवेतच राहिली. सतरा वर्षांत हा शब्द त्याने त्या खोलीत ऐकला नव्हता. त्याने घसा खाकरून पुन्हा एकदा चाळीस म्हणून पाहिलं. मॅनेजरने पुन्हा मान हलवली आणि चहा मागवला.

चहा संपेपर्यंत कारण कळलं. मॅनेजरने काही लपवलं नाही. तोही थकला होता आणि लपवायलाही उत्साह लागतो. कारखान्यात तीनशे माणसं. त्यातल्या एकशेवीस बाया साबणाच्या वड्या हाताने कागदात गुंडाळत. ते काम करणारं यंत्र कधीचं निघालं होतं, पण युनियनच्या संमतीशिवाय यंत्र आणायचं नाही, असं जुन्या करारात कलम होतं. ते कलम काढा, चाळीस घ्या. एकशेवीस पगार वाचले की उरलेल्या एकशेऐंशींना वाढ देऊनही कंपनीकडे शिल्लक राहत होती.

सेक्रेटरी म्हणाला, कलम राहू द्या, आम्ही बारावर येतो. मॅनेजरला वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्या माणसाला खाली आणायला सहा आठवडे लागायचे, तो एका कपात उतरला होता. बाराला माझी ना नाही, तो म्हणाला, पण चाळीसची नोटीस कँटीनच्या फळ्यावर लागली आहे. आता तुमच्या लोकांना विचारा.

त्या एकशेवीस जणींत सेक्रेटरीची वहिनी होती. मोठा भाऊ गेल्यावर वहिनी वड्या गुंडाळायला लागली होती आणि सेक्रेटरीच्या कॉलेजची फी त्याच पगारातून गेली होती. तिच्या निवृत्तीला सहा वर्षं राहिली होती. खोलीचं भाडं ती स्वतः भरायची. दिराच्या घरी राहायला ये म्हटलं, की तुमच्याकडे चहात साखर कमी असते, म्हणायची.

सभेआधी त्याने तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि बाकीच्या बायांना सांगितलंत का, एवढंच विचारलं. सभेत सांगतो, तो म्हणाला.

सभेत त्याने सांगितलं. नीट, आकड्यांसकट सांगितलं. बारा घ्या म्हणाला. मग बॉयलरवरचा फिटर उभा राहिला. त्याला सगळे प्रेशर म्हणत. कामामुळे नव्हे, स्वभावामुळे.

"सेक्रेटरीसाहेब, कंपनी चाळीस देतेय आणि तुम्ही बारा मागताय. यातला मॅनेजर कोण?"

लोक हसले. सेक्रेटरीही थोडा हसला, कारण प्रश्न बरोबर होता.

"का वहिनीबाईंसाठी आमच्या ताटातलं काढताय?"

यावर कुणी हसलं नाही. वहिनी उठली.

"प्रेशर, तुझं ताट तुझ्याकडेच राहू दे. माझ्यासाठी कुणी बारा घेऊ नका," ती म्हणाली आणि बसली.

मतदान हात वर करून झालं. सेक्रेटरी युनियनचा पगारी माणूस, कामगारांच्या यादीत नव्हता, म्हणून त्याला मत नव्हतं. नवरा बॉयलरवर आणि बायको गुंडाळणीत, अशी अकरा जोडपी होती. त्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मनात बेरीज-वजाबाकी केली आणि नवऱ्यांनी एका बाजूला, बायकांनी दुसऱ्या बाजूला हात वर केले. चाळीसला एकशेएक्याऐंशी हात पडले. एकशेएक्याऐंशीवा वहिनीचा होता.

घरी जाताना सेक्रेटरीने तिला विचारलं, असं का केलंस.

"हरणारच होतो, भाऊजी. आता निदान तुम्ही माझ्यासाठी भांडलात, असं कुणाला म्हणता येणार नाही."

"मी तुझ्यासाठीच भांडलो."

"म्हणून तर."

दुसऱ्या दिवशी त्याने सही केली. कारखान्याच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी वाढ होती. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि गेटपासून कँटीनपर्यंत नेलं. पुढे प्रेशर होता. मला उतरवा, असं सेक्रेटरीने दोनदा सांगितलं, पण विनय समजून त्यांनी त्याला आणखी उंच धरलं. त्या उंचीवरून गुंडाळणीच्या खोलीची झरोक्याएवढी खिडकी दिसते, हे त्याला सतरा वर्षांत माहीत नव्हतं. आत बाया ओळीने बसल्या होत्या. त्यांना आणखी नव्वद दिवस काम होतं, नव्या दराने. वहिनी कागदाची घडी दाबत होती. तिने वर पाहिलं नाही.